घरच्या घरी लाल कांदा: बी टाकण्यापासून ते सुकवून टांगेपर्यंत

कांदा घरी लावायचा म्हटलं की लोक आधी कुंडी केवढी घ्यायची ते विचारतात, मग माती, मग खत. खरं तर आधी विचारायचं ते महिना कुठला चालू आहे हे. टोमॅटो-मिरचीचं कसं असतं, महिना थोडा मागेपुढे झाला तरी चार फळं मिळतात, कांदा तसा नाही. चुकीच्या महिन्यात लावलात तर नुसती पात वाढत राहील नाहीतर मधूनच फुलाचा दांडा वर येईल, आणि तुम्ही मातीला, खताला, नर्सरीवाल्याला दोष देत बसाल.

याचं कारण असं की कांद्याला गड्डा कधी धरायचा ते दिवसाच्या लांबीवरून आणि तापमानावरून कळतं. आपल्याकडच्या जाती कमी लांबीच्या दिवसाच्या आहेत, म्हणजे ११-१२ तासांचा उजेड मिळाला की त्या गड्डा धरायला लागतात. थंड देशांतल्या जातींना १४ ते १६ तासांचा दिवस लागतो आणि महाराष्ट्रात सगळ्यात मोठा दिवससुद्धा साडेतेरा तासांच्या पुढे जात नाही. त्यामुळे ऑनलाइन मिळणारी ती चकचकीत फोटोवाली परदेशी लाल कांद्याची पाकिटं आपल्या टेरेसवर चालत नाहीत, कितीही जीव लावा. उलटंही तेच आहे, इंग्लंडकडे राहणाऱ्या कुणी आपल्याकडचं बी तिकडे उन्हाळ्यात लावलं तर रोप लहान असतानाच दिवस मोठा झालेला असतो, मग सुपारीएवढे कांदे निघतात. तिकडे असाल तर तिकडचंच बी घ्या.

आणि एक आधीच सांगून ठेवतो, हे पैसे वाचवायला करू नका. २ फूट बाय ३ फूट जागेत साधारण ३५ रोपं बसतात, एक कांदा ६०-७० ग्रॅमचा धरला तर सगळे मिळून दोन-अडीच किलो. चार माणसांच्या घरात हा किती दिवसांचा माल आहे ते तुम्हाला माहीत आहेच. पण मधल्या काळात ताजी पात मिळते आणि औषधं न मारलेला कांदा मिळतो, आणि खरं सांगायचं तर उगवताना बघायला मजा येते.

कुठल्या हंगामात लावायचा

आपल्याकडे कांद्याचे तीन हंगाम. खरीप म्हणजे पावसाळी, त्याचं बी मे-जूनमध्ये टाकतात, जुलै-ऑगस्टला लागण (म्हणजे तयार रोपं कायमच्या जागी लावणं) आणि दिवाळीच्या आसपास ते डिसेंबरपर्यंत काढणी. मग रांगडा, बी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, लागण ऑक्टोबर-नोव्हेंबर, काढणी जानेवारी ते मार्च. आणि तिसरा रब्बी म्हणजेच उन्हाळ कांदा, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत बी, डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत लागण आणि एप्रिल-मेमध्ये काढणी.

लासलगाव, पिंपळगावच्या बाजारात 'लाल कांदा' म्हणतात तो पावसाळी आणि रांगडा, गडद रंगाचा आणि तिखट, पण टिकत नाही, महिन्या-दीड महिन्यात संपवावा लागतो. उन्हाळ कांद्याचा रंग फिकट लाल किंवा विटकरी असतो पण नीट सुकवला तर चार-पाच महिने आरामात राहतो.

पहिल्यांदा लावत असाल तर माझं मत सरळ आहे, रब्बी करा. पावसाळ्यात रोपं सडतात, करपा (पातीवर डाग पडायचा रोग) येतो, ऊन मिळत नाही, नवीन माणूस वैतागून जातो. रब्बीत हवा कोरडी असते आणि पाणी किती द्यायचं ते आपल्या हातात असतं. गडद लालच हवा असा हट्ट असेल तर दुसऱ्या वर्षी रांगडा करून बघा. कोकणात आणि गोव्यात तर पावसाळी कांद्याच्या नादाला लागूच नका, तिकडे भात निघाल्यावर लावायचा हेच खरं. अलिबागचा पांढरा कांदासुद्धा असाच भातानंतरच्या जमिनीत होतो.

जात आणि बी

रब्बीसाठी एन-२-४-१ ही जुनी आणि भरवशाची, टिकायला मस्त. भीमा किरण फिकट लाल आणि साठवणीला चांगली. भीमा शक्ती लाल आहे आणि रब्बी, रांगडा दोन्हीत चालते, त्यामुळे घरासाठी मला ती सोयीची वाटते. पुण्याकडे फुरसुंगी खूप लावतात. खरीपासाठी एन-५३, बसवंत ७८०, फुले समर्थ, भीमा सुपर, भीमा डार्क रेड वगैरे. भीमा नावाच्या सगळ्या जाती राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या आहेत आणि फुले नावाच्या राहुरी कृषी विद्यापीठाच्या, एवढं लक्षात ठेवलं की दुकानात गोंधळ होत नाही. दुकानदाराला नुसतं 'कांद्याचं बी द्या' असं म्हणू नका, हंगाम सांगा आणि जातीचं नाव पाकिटावर वाचून घ्या.

पाकिटावरची तारीख तर बघाच बघा. कांद्याचं बी फार लवकर म्हातारं होतं, वर्षभरापेक्षा जुनं असेल तर उगवण एकदम घसरते. घरात पडलेलं जुनं पाकीट असेल तर आधी २० बिया ओल्या टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा, आठवड्याभरात १४-१५ना तरी मोड यायला हवेत, कमी आले तर फेकून द्या आणि नवीन आणा. एका ग्रॅममध्ये अडीचशे-तीनशे बिया असतात म्हणजे घरासाठी दोन ग्रॅमही खूप झालं, पण पाकिटं मोठी येतात, तर शेजारीपाजारी वाटून घ्या.

बी टाकायचा कंटाळा असेल तर तयार रोपं घ्या, यात कमीपणा काही नाही. नाशिक, नगर, पुण्याच्या ग्रामीण भागात डिसेंबरमध्ये कांद्याची लागण जोरात असते, ओळखीच्या शेतकऱ्याकडे वाफ्यात उरलेली रोपं असतातच, एक जुडी मागितली तर कुणी नाही म्हणत नाही.

आता स्वयंपाकघरातला मोड आलेला कांदा. तो लावू का, हे हमखास विचारलं जातं. लावा, पण पातीसाठी. त्याच्यातून एक मोठा गोल कांदा होत नाही, आत जेवढे कोंब असतील तेवढी फाटी फुटतात आणि थंडी लागली की फुलाचा दांडा येतो. दोन-तीनदा कापून पात खाल्ली की त्याचं काम झालं.

जागा आणि माती

ऊन किमान सहा तास, आणि ते सुद्धा थेट. खिडकीच्या ग्रिलमध्ये दोन-तीन तास ऊन येत असेल तर पात खा आणि खूश राहा, गड्ड्याची अपेक्षा करू नका.

कुंडी खोल नको, पसरट हवी. मुळं बहुतेक वरच्या सहा-आठ इंचांतच असतात, तर ८-९ इंच खोली बास झाली. फळांचे प्लास्टिक क्रेट मला सगळ्यात बरे वाटतात, आतून जुनं शेडनेट किंवा सिमेंटच्या गोणीचा तुकडा लावायचा, खाली भोकं पाडायची. पसरट ग्रो बॅग असेल तर तीही चालेल. काळ्या रंगाच्या कुंड्या मार्च-एप्रिलमध्ये बाजूने भयंकर तापतात, त्यांना बाहेरून पोतं गुंडाळा.

माती भुसभुशीत हवी हे मात्र खरंच महत्त्वाचं. नुसती काळी माती घेतली की ती सुकल्यावर आवळते, भेगा पडतात आणि गड्डा फुगायला जागाच मिळत नाही. साधारण दोन भाग माती, दोन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट किंवा जाड वाळू, वर प्रत्येक क्रेटला दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत कच्चं नको, त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. रासायनिक चालत असेल तर चौरस फुटाला अर्धा-पाऊण चमचा सिंगल सुपर फॉस्फेट आधीच मिसळून टाका, त्यात गंधक असतं आणि कांद्याचा तिखटपणा, तो डोळ्यांतून पाणी काढणारा वास, सगळा गंधकामुळेच येतो. अंगणात जमीन असेल तर गादीवाफा करा, चार-सहा इंच उंच, म्हणजे पाणी साचणार नाही.

उळं टाकणं

नाशिककडे बी टाकण्याला उळं टाकणं म्हणतात. ट्रे किंवा उथळ क्रेटमध्ये माती सपाट करा, बोटाने दोन-दोन इंचांवर रेघा ओढा, जेमतेम एक सेंटीमीटर खोल, आणि त्यात बी पातळ पेरा. 'पातळ' यावर जोर आहे, कारण बी बारीक आणि काळं असल्यामुळे मातीत दिसत नाही आणि हात आपोआप जास्त सोडतो, मग रोपं दाट होतात आणि बुडाशी मऊ पडून पटापट लोळतात, याला मर म्हणतात. ट्रायकोडर्मा पावडर (रोग आणणाऱ्या बुरशीला रोखणारी) मिळाली तर पेरायच्या आधी मातीत मिसळा. वरून चाळलेलं गांडूळखत भुरभुरा आणि बी उगवेपर्यंत ओल्या गोणपाटाने किंवा वर्तमानपत्राने झाका. पाणी झारीनेच, पाइप लावलात तर बी सगळं एका कोपऱ्यात जमा होतं. मुंग्या बी पळवतात, कडेने हळद किंवा राख टाकली की कमी होतात.

सहा ते आठ दिवसांत कोंब दिसतील. ते सरळ येत नाहीत, मधे दुमडलेलेच वर येतात आणि नंतर टोकाला काळं बी अडकलेलं दिसतं, ते ओढून काढायला जाऊ नका, आपोआप गळतं. कोंब दिसले त्याच दिवशी झाकण काढा. एक दिवस उशीर केला तरी रोपं पिवळी, लांबुळकी होतात.

रब्बीची रोपं सात-आठ आठवड्यांत लागणीला येतात, पावसाळी सहा आठवड्यांत. बघायचं काय तर बुडाशी जाडी, उदबत्तीपेक्षा जाड आणि पेन्सिलपेक्षा बारीक. लोकांना वाटतं जेवढं मोठं रोप तेवढं चांगलं, पण जाड झालेलं रोप थंडीत सापडलं तर त्याला डेंगळे म्हणजे फुलाचे दांडे येतात.

लागण

संध्याकाळी करा. रोपं उपटायच्या आधी ट्रेला पाणी द्या म्हणजे मुळं तुटत नाहीत. पातीचा वरचा एक तृतीयांश भाग कात्रीने कापून टाका, त्याने रोप उभं राहतं आणि पाणी कमी उडतं (कापलेली पात आमटीवर टाका, वाया कशाला घालवता). दोन ओळींत १५ सेंटीमीटर आणि दोन रोपांत १० सेंटीमीटर अंतर. दाट लावलं की गोल्टी निघते, म्हणजे लिंबाएवढे कांदे, आणि फार विरळ लावलं तर माना जाड होतात आणि कांदे जोड निघतात.

रोप खोल पुरायचं नाही. मुळं मातीत गेली आणि रोप हलत नाही एवढंच, दोन सेंटीमीटर खूप झालं. बटाट्यासारखी मातीची भर तर अजिबात घालायची नाही, कांदा अर्धा मातीच्या वरच फुगतो आणि तो तसाच दिसायला हवा. नवीन लोक उघडा कांदा बघून घाबरतात आणि माती ओढतात, नका ओढू.

लावल्यावर लगेच पाणी, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी, म्हणजे दुसरं पाणी. पहिले आठ दिवस रोपं मेल्यासारखी आडवी पडून राहतात, ते नॉर्मल आहे. दहाव्या दिवसापर्यंत जी खरंच गेली तिथे नवीन रोप लावून नांग्या भरा, त्यानंतर भरण्यात अर्थ नाही कारण मागून लावलेलं रोप बाकीच्यांच्या सावलीत खुरटतं.

पाणी, खत, खुरपणी

मुळं वरवर असल्यामुळे पाणी थोडं आणि वारंवार द्यायचं. बोट एक इंच आत घाला, कोरडं लागलं तर द्या. डिसेंबर-जानेवारीत क्रेटला दोन-तीन दिवसांनी पुरतं, मार्चमध्ये ऊन तापलं की रोज लागू शकतं. सगळ्यात वाईट म्हणजे आठवडाभर विसरायचं आणि मग एकदम भरपूर ओतायचं, गड्डा फुगत असताना असं झालं की कांदे फाटतात आणि जोडकांदे वाढतात. गावाला जाणार असाल तर कुणाला तरी सांगून जा.

खत लागणीनंतर एका महिन्याने आणि मग लागणीपासून दीड महिना झाल्यावर, बास. चौरस फुटाला एक मूठ गांडूळखत, किंवा शेंगदाणा पेंड दोन दिवस भिजवून तिचं पाणी दहापट पातळ करून. चुलीची राख असेल तर चिमूटभर भुरभुरा. दोन महिने झाल्यावर मात्र युरिया, पेंडीचं पाणी, शेणाची स्लरी सगळं बंद करा. नत्र चालू ठेवलं की पात हिरवीगार दिसते आणि आपल्याला बरं वाटतं, पण मान जाड राहते, सुकत नाही आणि कांदा तिथून सडायला सुरुवात होते.

कांद्याची पात उभी असते, जमिनीवर सावली पडत नाही म्हणून तण जोरात येतं. हाताने काढा, खुरपं खोल घालू नका.

रोग-किडी

कांद्याची मुख्य कीड म्हणजे फुलकिडे. पातीवर पांढरट चंदेरी ठिपके दिसायला लागले की पात मधून उघडून बघा, जिथे नवीन पान निघतं तिथे पिवळसर बारीक किडे धावताना दिसतील. फेब्रुवारीत हवा कोरडी होऊन तापायला लागली की वाढतात. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा, साबण विसरू नका कारण पातीवर मेणासारखा थर असतो, नुसतं पाणी घरंगळून जातं. फवारा पातीच्या बेचक्यात गेला पाहिजे. निळे चिकट सापळे एक-दोन लावले तरी फरक पडतो. थोडे ठिपके असतील तर सोडून द्या, घरच्या कांद्याला तेवढं चालतं.

दुसरा करपा. पातीवर जांभळट डाग, कडेने पिवळे, आणि पात डागापाशी मोडते. ढगाळ हवा, धुकं, अवकाळी पाऊस झाला की येतो. डागाळलेली पात काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. आणि पाणी सकाळी, मुळाशीच द्या, रात्रभर पात ओली राहिली की करप्याचं फावतं. पावसाळी कांद्यात पात पिळवटून मान लांब होते, त्याला पीळ पडला म्हणतात. ते रोप उपटून टाका आणि पाणी साचतंय का ते बघा.

डेंगळे आले तर? म्हणजे मधून जाड पोकळ दांडा आणि वर पांढरा बोंडासारखा कळा. लवकर लागण, जाड रोपं किंवा लांबलेली कडाक्याची थंडी ही कारणं. दांडा दिसताच मोडा आणि भाजीत घाला. दांडा मोडला तरी तो कांदा टिकत नाही, आत कडक दांडी राहते, म्हणून तो वेगळा ओळखून ठेवा आणि आधी खा.

काढणी आणि सुकवणं

लागणीनंतर साडेतीन-चार महिन्यांनी माना पडायला लागतात. म्हणजे पात अजून थोडी हिरवी असते पण मान मऊ होऊन रोप तिथूनच कोलमडतं. निम्म्या रोपांच्या माना पडल्या की पाणी पूर्ण तोडा आणि दहा-बारा दिवसांनी कांदे उपटा. सगळ्या शंभर टक्के माना पडायची वाट बघत बसू नका. खरीप कांद्याच्या माना आपोआप पडत नाहीत, पात वाढतच राहते, म्हणून शेतकरी वरून रिकामं पिंप फिरवून पात पाडतात, आपण हाताने वाकवायची.

उपटायच्या दिवशी माती कोरडी हवी. एप्रिलमध्ये अवकाळी येतोच, अंदाज वाईट असेल तर दोन दिवस आधीच काढून घ्या, भिजलेला कांदा टिकवणं फार अवघड जातं.

उपटले की लगेच पात कापू नका, लोक इथेच घाई करतात. तीन-चार दिवस ओळीने पसरून ठेवा, असे की एका कांद्याची पात दुसऱ्या कांद्यावर येईल, नाहीतर एप्रिलचं ऊन थेट लागून कांदा एका बाजूने भाजतो. पात वाळली की मान एक इंच ठेवून कापा. मग सावलीत, हवा खेळती असेल तिथे दहा-पंधरा दिवस. वरची साल कुरकुरीत झाली आणि मान पूर्ण मिटली की झालं. माळ करायची असेल तर पात कापायचीच नाही, थोडी ओलसर असतानाच वेणी घालायची आणि टांगायची, अलिबागच्या रस्त्यावर दिसतात तशी.

साठवताना जोडकांदे, डेंगळ्यांचे, जाड मानेचे, फावडं-खुरपं लागलेले सगळे बाजूला काढा, हे पहिल्या महिन्यात संपवायचे. बाकीचे जाळीच्या पिशवीत किंवा बांबूच्या टोपलीत, पातळ थरात. प्लास्टिकच्या पिशवीत नको, फ्रिजमध्ये नको आणि बटाट्याच्या शेजारी तर नकोच. दर पंधरा दिवसांनी हात फिरवा, जून-जुलैमध्ये हवेत दमटपणा आला की सालीवर काळी बुरशी येते, एक सडका सापडला की त्याच्या आजूबाजूचेही तपासा.

त्या क्रेटमध्ये लगेच परत कांदा किंवा लसूण लावू नका. एक हंगाम मूग किंवा चवळी घ्या, तेवढ्यात माती सावरते.

घरचं बी करायचं असेल तर साठवणीतले सगळ्यात गोल, एकच डोळा असलेले, रंग चांगला असलेले चार-पाच कांदे नोव्हेंबरपर्यंत जपा आणि परत लावा. त्यांना दांडे येतील, वर पांढरे गोंडे फुलतील, मधमाश्या येतील. उन्हाळ्यात गोंड्यातलं काळं बी दिसायला लागलं की गोंडे कापून कागदावर वाळवा, चोळा आणि बी कोरड्या बाटलीत भरून त्यावर तारीख लिहा. शेजारच्या गच्चीवर कुणी पांढरा कांदा फुलू दिला असेल तर संकर होणार, मग काय रंग निघेल ते पुढच्या वर्षीच कळेल.